टिकली सोडून बाकीचा चेहरा

या अंकासाठी व्यवसायातले अनुभव लिहावेत असे संपादकांनी कळवले, तेव्हा मी दोनदा नकाराचे पत्र लिहिले आणि दोन्ही वेळा ते पाठवण्याचा धीर झाला नाही. नकार द्यायलाही थोडा आत्मविश्वास लागतो. शेवटी लेख लिहिणेच सोपे वाटले.

माझा व्यवसाय जेमतेम पाच वर्षांचा आहे. ज्या वयात माझ्या बरोबरीच्या शिक्षिका निवृत्तीला किती वर्षे उरली ते मोजू लागतात, त्या वयात मी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बांगड्यांच्या दुकानावरचा जिना चढून सौंदर्योपचाराच्या अर्धवेळ वर्गात नाव घातले. मी मराठीची एम. ए. आहे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वीसएक वर्षे काम करत होते. पुढे ते काम अर्ध्या दिवसाचे झाले. मग सकाळी आठ ते बारा पुस्तके आणि आठवड्यातून तीन दिवस दुपारी तीन ते सहा चेहरे, असे वर्षभर चालले.

मी अविवाहित असून वडगावात थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, कुटुंबासोबत राहते. अण्णांना माझ्या शिकण्याबद्दल तक्रार नव्हती, पण वर्गाच्या पाटीवरच्या एका शब्दाने त्यांची झोप उडाली होती.

"त्या पाटीवर स्पा लिहिलंय गं. तिथं चालतंय काय नेमकं?"

"वाफ, तेल, मसाज. आपण न्हाणीघरात करतो तेच, जरा नीटनेटकं."

"मग न्हाणीघर लिहायचं की सरळ!"

हेच का शिकावेसे वाटले, असे मला पुष्कळांनी विचारले आणि मी प्रत्येकाला वेगळे, सोयीचे उत्तर दिले. खरे कारण इथे प्रथमच लिहिते आहे. मला माणसांच्या नजरेला नजर देऊन बोलता येत नाही. या कामात समोरचा माणूस डोळे मिटून पडलेला असतो. त्याला माझ्याकडून शब्दांची अपेक्षा नसते, हातांची असते. एवढा सोयीचा व्यवसाय मला शोधूनही सापडला नसता, असे मला तेव्हा वाटले होते.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना ते क्रीम चोळण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे आम्ही क्रीमला हातही लावला नाही. चेहऱ्यावरचे स्नायू कुठून निघतात, कुठे रुततात, हे शिकलो. हनुवटीकडून कानाकडे, भुवईकडून केसांकडे, हात नेहमी वरच्या दिशेने न्यायचा. डोळ्यांभोवती दाब द्यायचा तो अनामिकेने, कारण त्या बोटात जोर सर्वांत कमी. गरम टॉवेल आधी स्वतःच्या मनगटावर ठेवायचा. नवे क्रीम आधी गिऱ्हाइकाच्या कानामागे लावून एक दिवस थांबायचे. आणि या सगळ्याच्या आधी, गिऱ्हाईक आडवे होण्यापूर्वी, त्याला प्रश्न विचारून माहितीचा कागद भरायचा: औषधे कोणती चालू आहेत, कशाने खाज येते का, त्वचेवर डाग, चट्टा, जखम आहे का.

माझे अडले ते इथे. आमच्या शिक्षिका नलिनी मॅडम धारवाडकडच्या. त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल होता आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. तिसऱ्याच आठवड्यात त्या सगळ्या वर्गासमोर मला म्हणाल्या, "अय्यो, हात किती छान चालतोय तुझा! तोंड कुठं ठेवून आलीस?" वर्गातल्या मुली माझ्या निम्म्या वयाच्या. त्या मला काकू म्हणत. त्या खुदखुदल्या आणि मी तोंड कुठे ठेवले होते ते माझे मलाच सांगता आले नाही.

परीक्षेच्या आधी प्रत्येकीने आपली एक मॉडेल आणायची आणि तिच्यावर दर आठवड्याला एक याप्रमाणे दहा बैठका करायच्या असा नियम होता. मॉडेल म्हणजे कोणी देखणी बाई नव्हे. ज्या बिचारीच्या चेहऱ्यावर आपण शिकणार ती. मुलींनी बहिणी, वहिन्या, मैत्रिणी आणल्या. मला कोणाला विचारायचे याचा विचार करण्यात पंधरा दिवस गेले. शेवटी आमच्या गल्लीतल्या सुमनआक्कांनीच मला दारात अडवले.

आक्कांचे घर मागवाल्यांचे. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. नवरा आणि दीर माग चालवत. साड्यांच्या घड्या घालणे, लेबले चिकटवणे, गठ्ठे बांधणे हे आक्कांकडे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. मागांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्या रस्त्यातही ओरडूनच बोलत.

"काय गं मीना, तोंडं घासायचं शिकतियास म्हणं! माझ्या तोंडावर शीक की. आमच्या वर्षाची सुपारी फुटायची हाय दोन-अडीच महिन्यांत. निपाणीचं स्थळ हाय. जरा माणसात आल्यासारखी दिसतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो, दिसतो असेच म्हणतात. वर्षा ही त्यांची एकुलती मुलगी, बी. कॉम. झालेली. मी मान हलवली. आनंद इतका झाला होता की आणखी काही सुचले नाही.

पहिल्या बैठकीला कपाळावर हात नेताच आक्कांनी माझे मनगट धरले.

"टिकली न्हाय काढायची. ती सोडून बाकीचं काय ते कर."

त्यांची टिकली मोठी, मरून रंगाची, रुपयाएवढी. आमच्या वर्गात रीत अशी की गिऱ्हाइकाची टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवायची आणि शेवटी पुन्हा लावायची. कित्येक वयस्क बायकांना ते रुचत नाही, हे मला माहीत होते. नवरा असताना कपाळ मोकळे ठेवायचे नाही, क्षणभरही नाही. मी स्वतः लग्न न केलेली बाई. सौभाग्याच्या गोष्टींत मी बोलणे मला कायमच आगाऊपणाचे वाटत आले आहे. मी काही विचारले नाही. टिकलीला वळसा घालून मसाज केला. नदीतल्या खडकाला वळसा घालून पाणी जाते तसा हात न्यायला मी शिकले, आणि मनातल्या मनात त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

माहितीचा कागदही मीच भरला. 'डाग, चट्टा, जखम' यापुढे 'नाही' लिहिले. आपल्याहून मोठ्या शेजारणीला, तीही आपल्यावर उपकार करणारी, तुमच्या अंगावर डाग आहेत का, असे कसे विचारायचे? शेरा म्हणून खाली लिहिले: 'मॉडेलच्या श्रद्धेमुळे कपाळाचा मध्यभाग वगळला आहे.' ते वाक्य मला तेव्हा फार समंजस वाटले होते.

मधल्या आठवड्यांत आक्का खुलल्या. आडव्या पडल्या की निपाणीच्या विहीणबाईंच्या गोष्टी सांगत. "तंबाखूच्या वखारीत मुकादम हाय गं ती. पान नुसतं उजेडात धरून डाग हेरत्या. माझं कसं व्हायचं तिच्यापुढं?" मी "होईल नीट" म्हणत असे. त्यांच्या बोलण्यात भीती होती, ती मला लग्नघरातली नेहमीची भीती वाटली.

सातव्या बैठकीला वाफ देताना टिकली सुटली. गरम टॉवेल उचलला तर ती टॉवेलला चिकटून आली.

खाली पांढरा चट्टा होता. टिकलीएवढा, अगदी गोल, आणि त्याच्या कडा लालभडक, ओलसर, दुखऱ्या. आक्कांनी तळहात कपाळावर दाबला आणि उठून बसल्या. त्या दिवशी वर्गात मुली कमी होत्या आणि आमच्या खाटेभोवती पडदा होता. ओरडून बोलणारी ती बाई मला प्रथमच कुजबुजताना ऐकू आली.

"कुणाला बोलू नको. तुला तुझ्या अण्णांची आण. आठ वरसं झाकलंय मी. कोड हाय म्हणतील. माझ्या पोरीला कोण करील मग?"

कोड आईला असेल तर मुलीला होईल, तिच्या मुलांना होईल, असे आजही धरले जाते आणि ठरलेली लग्ने मोडतात. आठ वर्षांपूर्वी टिकलीखाली छोटा पांढरा ठिपका दिसला, तशी आक्कांनी मोठी टिकली घेतली. ठिपका वाढला, टिकली वाढली. नवऱ्यालाही ठाऊक नव्हते.

"पण हे लाल कशानं झालं?" मी विचारले. बहुधा त्यांना विचारलेला तो माझा पहिला प्रश्न.

"तू क्रीम लावतीस, मग टिकली राहतच न्हाय. घसरत्या. मग लेबलाचा गोंद लावतो."

साड्यांच्या घड्यांवर लेबले चिकटवायचा तो गोंद. दर आठवड्याला मी खडकाला वळसा घालून सुबक मसाज करत होते आणि घरी जाऊन त्या तेलकट कपाळावर त्या गोंद थापत होत्या. टिकली का काढायची नाही, एवढे मी पहिल्या दिवशी विचारले असते तर हे सात आठवडे वाचले असते. ज्याला मी आदर समजत होते त्यात माझ्या भिडस्तपणाचा वाटा किती होता, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

सुपारीला पंधरा दिवस होते. आक्कांचे म्हणणे, "मेकअपनं झाक. शिकलीस न्हवं?" ते मला येत होते, डाग झाकण्याचा धडा नुकताच झाला होता. पण ओल्या, सुजलेल्या कातडीवर काहीही थापायचे नाही, डॉक्टरांकडे पाठवायचे, हाही धडा झाला होता. मी नाही म्हणाले. आयुष्यात मी फार थोड्यांना नाही म्हटले आहे. त्यात हे सर्वांत जड.

बेळगावात डॉक्टरांकडे जायला आक्का तयार होईनात. त्वचेच्या डॉक्टरांच्या जिन्यावर कोणी पाहिले तर संध्याकाळपर्यंत शहापूर-वडगावभर होणार. म्हणून आम्ही कोल्हापूरला निघालो. कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडला की आपल्याला ओळखणारे कोणी नाही, हा त्यांचा हिशेब. मात्र त्या वाटेवर निपाणी लागते, हे एस.टी. निपाणीच्या स्थानकात शिरेपर्यंत त्यांच्या लक्षात आले नव्हते. त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि डोके गुडघ्यांत घातले. चढणाऱ्या एका आजीबाईंनी ते पाहिले.

"उलटी व्हतीया व्हय? हे घे, लिंबू हुंग."

आक्कांनी कोगनोळी येईपर्यंत लिंबू हुंगले. नाका मागे पडल्यावर आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता त्या रडू लागल्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी भिंगातून पाहिले, अंगावर दुसरीकडे कुठे पांढरे आहे का ते तपासले, घरात कोणाला आहे का ते विचारले. किती सहज विचारत होत्या! मग म्हणाल्या, "मावशी, हे बहुधा टिकलीच्या चिकटाचं आहे. अशा खूप बायका येतात माझ्याकडे. हे मुलीला व्हायचं काही कारण नाही. लाली लवकर जाईल. रंग हळूहळू भरेल, कदाचित थोडा राहीलही. पण आता कपाळाला काही लावायचं नाही. टिकली नाही, कुंकू नाही, पावडर नाही."

"पट्टी लावली तर?" आक्कांनी लगेच विचारले. मागाचा दांडा लागला असे सांगायचा बेत त्यांनी एस.टी.त केला होता.

"पट्टीलाही चिकटच असतो."

परतीच्या वाटेवर आक्का पदर कपाळावर ओढून बघत होत्या. टिकली लावली तर जखम वाढणार. न लावली तर सुपारीच्या दिवशी वरमाईपुढे मोकळे कपाळ, आणि त्यावर पांढरा चट्टा. बेळगाव आल्यावर एवढेच म्हणाल्या, "तू शिकलेली हाईस. तूच सांग निपाणीच्या ईनबाईला डॉक्टर काय म्हणाले ते. माझं कोण ऐकंल? झाकाय सांगत्या म्हणतील."

मी एक निवेदन लिहून काढले. पाऊण पान. चिकट पदार्थांचा त्वचेवर होणारा परिणाम, कोड आणि हा चट्टा यांतला फरक, सगळे मुद्देसूद. चार दिवस ग्रंथालयाच्या कपाटांसमोर ते वाचून सराव केला.

सुपारीच्या दिवशी माग बंद होते. त्या घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आक्कांनी पदर भुवयांपर्यंत घेतला होता. पुरुषांची बोलणी झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि बायकांचे हळदीकुंकू आधी होऊ दे, असे कोणीतरी म्हणाले. निपाणीच्या विहीणबाई कुंकवाची वाटी घेऊन पुढे आल्या. उंच, शिडशिडीत, आवाज मात्र मऊ.

"पदर वर घ्या की ओ, ईनबाई. कपाळ कुठं हाय तुमचं?"

आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी स्वतःच पदर मागे केला.

त्यांचा हात तिथेच थांबला. मागून नवऱ्या मुलाची आत्या वाकून बघू लागली. "कोडच की गं हे," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेले. दाराशी हिरव्या साडीत उभी असलेली वर्षा आईकडे पाहत होती. तिलाही काही माहीत नव्हते.

माझ्या हातातला कागद उघडलाच नाही. त्यातला एक शब्दही मला आठवला नाही. जे तोंडून निघाले ते मी ठरवलेले नव्हते.

"ते माझ्या हातून झालंय."

सगळे माझ्याकडे वळले. विहीणबाईंनी मला पायापासून वर न्याहाळले.

"तू कोण?"

"मी शेजारी राहते. सौंदर्योपचार शिकते. आक्कांच्या चेहऱ्यावर शिकत होते. क्रीम आणि वाफेनं कातडी बिघडली."

"कोड न्हवं?"

"नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवलंय. त्यांनी कपाळाला काही लावू नका म्हणून सांगितलंय."

यातले एकही वाक्य पुरते खोटे नव्हते. आठ वर्षांचे वाक्य तेवढे मी सोडले. आक्का खाली मान घालून उभ्या होत्या.

विहीणबाई क्षणभर त्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कुंकवाचे बोट खाली नेले आणि आक्कांच्या मंगळसूत्राच्या वाट्यांना लावले.

"कुंकू लावायचंच, मग हितं लावलं म्हणून काय बिघडलं? कपाळ बरं झालं की तितं लावीन." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं बाई, शिकून झाल्याबिगर कुणाच्या तोंडाला हात लावू नको!"

सगळे हसले. सुपारी फुटली.

पुढच्या सोमवारी मी नलिनी मॅडमना खरे ते सांगितले, कागदावरच्या त्या 'नाही'सकट. कोणाचा चट्टा ते सांगायची गरज नव्हती. मॉडेल कोण ते त्यांना ठाऊकच होते. त्या ओरडल्या नाहीत. "ही परीक्षा तुला नाही," म्हणाल्या. "सहा महिने थांब. नवी मॉडेल आण. दहाही बैठकांत प्रश्न तू विचारायचे, मी पडद्यामागं बसून ऐकणार." त्या खरोखरच बसल्या. सहा महिन्यांनी मला प्रमाणपत्र मिळाले.

वडगावात मात्र माझे नाव झाले ते झालेच. सुमनचे कपाळ भाजणारी मीना. मी शहराच्या कडेला पिरनवाडीला एक खोली घेऊन दोन खाटा टाकल्या, त्याला हेही एक कारण होते. तिकडे मला कोणी ओळखत नव्हते. एक आजी घरचेच डाळीचे पीठ आणि साय घेऊन येत आणि "तू नुसते हात लाव" म्हणत. एक नवरी मुलगी जावेपेक्षा एक छटा उजळ करून द्या म्हणाली; जाऊबाईंचा फोटोही सोबत आणला होता. हळूहळू दिवस भरू लागला. पण वडगावातली एकही बाई कधी आली नाही. भावजयीला नळावर टोमणे ऐकावे लागत. घरी ती मला काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा.

आक्कांचा मला राग आला का? प्रामाणिकपणे सांगायचे तर अधूनमधून आला. रस्त्यात भेटल्या की त्या खाली बघत आणि हळू बोलत. ओरडून बोलणाऱ्या बाईचा तो हळू आवाज मला सहन होत नसे. पण वर्षाचे लग्न व्हायचे होते, मग तिच्या पहिल्या वर्षाचे सण व्हायचे होते. आई होऊन मी कधी भ्यालेली नाही, तेव्हा त्या भीतीचे माप काढण्याचा अधिकार मला नव्हता.

सुपारीनंतर दीड वर्षाने, एका शुक्रवारी दुपारी, पिरनवाडीच्या माझ्या खोलीबाहेर रिक्षा थांबली आणि आतून वडगावच्या चार बायका उतरल्या. सर्वांत पुढे सुमनआक्का. कपाळ मोकळे. चट्ट्यात कडेने रंग भरत आला होता. मधे तांदळाच्या दाण्याएवढी दोन पांढरी बेटे उरली होती. आत येऊन त्यांनी चपला काढल्या आणि जुन्या मोठ्या आवाजात बोलल्या.

"हे बघा गं. हिनं भाजलं न्हवतं. माझं आठ वरसांचं जुनं हुतं हे, टिकलीच्या गोंदाचं. सुपारी मोडंल म्हणून भ्यालो मी, आणि ही उभी राहिली. परवा निपाणीला जाऊन ईनबाईला सांगून आलो. आता तुमास्नी सांगतो."

"विहीणबाई काय म्हणाल्या?" मला राहवले नाही.

"म्हणाली, मी रोज हजार पानं बघतो. जुना डाग कुठला आणि नवा कुठला, मला कळत न्हाय व्हय? दुसऱ्याचं अंगावर घेणारी बाई शेजारी हाय म्हंजे घर बरं असंल, म्हणून गप बसलो."

एवढे बोलून आक्का माझ्या खाटेवर आडव्या झाल्या. "आधी माझं कर. ह्यास्नी बघू दे."

बाकीच्या तिघी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांतली एक, नळावरच्या टोमण्यांत पुढाकार असलेली, पुढे होऊन आक्कांच्या कपाळावर वाकली. मग म्हणाली, "आगं, मग दीड वरीस आम्ही हिला नावं ठिवली ती?"

"ती आता मला ठेवा," आक्का खाटेवरून म्हणाल्या. "सवडीनं ठेवा. तासभर मी हितंच आडवी हाय."